काकडी आणि क्रीम चीजची टी सँडविचेस आदल्या रात्री करून ठेवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे : आईच्या साठीनिमित्त संध्याकाळी चार वाजता वीसेक माणसं चहाला येणार आहेत. त्यांच्यासाठी काकडी आणि क्रीम चीजची छोटी सँडविचेस करायची आहेत. एकदा करून पाहिली तर तासाभरात ब्रेड पचपचीत झाला. तर नेमकं काय करायचं, आणि आदल्या रात्री करून ठेवली तर चालतील का?

आदल्या रात्री सँडविचेस भरून ठेवू नका. तयारी मात्र बरीच आदल्या रात्री उरकता येते, ती पुढे सांगते.

ब्रेड पचपचीत होतो तो काकडीच्या पाण्याने. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं आणि कापलेल्या काकडीला मीठ लागलं की ते सुटायला लागतं. तुम्ही वरून मीठ घातलं नाहीत तरी विकतच्या बटरमध्ये आणि क्रीम चीजमध्ये ते असतंच. म्हणून पाणी सुटू द्यायचं ते सँडविच भरण्याच्या आधी, चाळणीत. आपण कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून, मीठ लावून पिळून घेतो किंवा खमंग काकडीत मीठ अगदी वाढताना घालतो, त्यामागे हेच कारण असतं. कोशिंबिरीत थोडं पाणी राहिलं तर दही ते सांभाळून घेतं. ब्रेड नाही सांभाळत.

आता काकडी कोणती? सुपरमार्केटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लांब, गडद हिरवी, बारीक बियांची ‘इंग्लिश’ काकडी मिळते. ती मिळाली तर उत्तम, कारण तिची साल कोवळी असते आणि चकत्या एकसारख्या पडतात. मिळाली नाही तर आपली नेहमीची काकडीही चालते, फक्त कोवळी आणि सडपातळ बघून घ्या. जून काकडीच्या मधला बियांचा बुळबुळीत भागच सगळ्यात जास्त पाणी सोडतो. तशीच काकडी हाती आली तर ती उभी चिरा, चमच्याने बिया खरवडून काढा आणि अर्धचंद्रासारखे काप करा. दिसायला थोडं वेगळं दिसेल, चवीत उणं पडणार नाही. आणि प्रत्येक काकडी चाखून बघा, प्रत्येक! वीस माणसांच्या ताटात एक कडू काकडी गेली तर ज्याच्या वाट्याला ती येईल त्याला दुसरं काहीच आठवणार नाही. कडूपणा बहुतेक वेळा देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत असतो. तेवढा भाग काढूनही कडू लागली तर ती काकडी बाजूलाच ठेवा.

चकत्या किती पातळ करायच्या यावर माझं मत ठाम आहे. इंग्लंडमधल्या जुन्या पद्धतीच्या सँडविचमध्ये फक्त बटर आणि काकडी असते, आणि तिथे काकडी अगदी पारदर्शक कापतात. क्रीम चीजच्या जाड, मऊ थरात इतकी पातळ काकडी हरवून जाते आणि दाताखाली काहीच येत नाही. साधारण दोन मिलिमीटरची चकती करा. मीठ लावल्यावरही ती थोडी कुरकुरीत राहते. किसणीला चकत्या पाडायची बाजू असते, ती वापरली तर सगळ्या सारख्या पडतात.

एक किलो काकडीच्या चकत्यांना दोन लहान चमचे मीठ हलक्या हाताने चोळा आणि चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. खाली भांडं ठेवा, बरंच पाणी जमतं. नंतर चकत्या धुवायच्या नाहीत आणि मुठीत पिळायच्याही नाहीत, पिळल्या की त्या चुरगळतात. स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसरा, वरून दुसरा पंचा घाला आणि तळहाताने दाबत जा. टिश्यू पेपरही चालतो, पण इतक्या काकडीला तो फार लागतो आणि चकत्यांना चिकटतो. चकती हातात घेतल्यावर बोट ओलं झालं नाही म्हणजे काम झालं. पुढचं सगळं या पायरीवर अवलंबून आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

क्रीम चीज घेताना डब्यावरचं नाव नीट वाचा. ‘चीज स्प्रेड’ ही वेगळी वस्तू आहे. ते प्रक्रिया केलेलं चीज असतं, जास्त खारट आणि चिकट. क्रीम चीज हे ताजं, न मुरवलेलं चीज असतं. अमेरिकेत ते न्यूयॉर्क राज्यात १८७०च्या दशकात व्यापारी प्रमाणावर बनू लागलं आणि तिथल्या नियमाप्रमाणे त्यात निदान ३३ टक्के स्निग्धांश असावा लागतो, पाणी ५५ टक्क्यांपर्यंत चालतं. हा पाण्याचा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यामुळेच नुसतं क्रीम चीज फासून ब्रेड कोरडा राहत नाही. त्याच्याखाली बटर हवंच. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, पाणी त्यातून सहज झिरपत नाही. मुंबईचा सँडविचवाला चटणीच्या आधी स्लाइसच्या पार कडेपर्यंत बटर फासतो ना, तसंच फासायचं. कडा कोरडी सोडली की ओल तिथूनच शिरते. घरच्या लोण्यात ताकाचा अंश राहतो, म्हणून इथे विकतचं टेबल बटर बरं.

क्रीम चीज मिळालं नाही किंवा महाग वाटलं तर चक्का आहेच. श्रीखंडाला बांधतो तसंच म्हशीच्या दुधाचं घट्ट, गोड दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगा. अर्धा किलो दह्याचा साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का निघतो. त्यात पाव भाग मऊ बटर घालून चमच्याने एकजीव करा. चव क्रीम चीजपेक्षा आंबट आणि हलकी येते. मला ती काकडीबरोबर आवडतेही. पण चक्क्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे अशी सँडविचेस तासाभराच्या आत खायला द्यावी लागतात. तुमच्या बेताला म्हणून मी क्रीम चीजच सुचवेन.

क्रीम चीज अर्धा तास बाहेर ठेवून मऊ झालं की लाकडी चमच्याने फेटा, मिक्सरला लावू नका, त्यात ते सैल पडतं. त्यात बारीक चिरलेला शेपू घाला. काकडी आणि शेपू ही युरोपभर जमलेली जोडी आहे आणि आपल्याकडे शेपूची जुडी कोणत्याही मंडईत मिळते. फक्त कोवळी पानंच घ्या, काड्या नकोत, आणि हात आखडता ठेवा. चारशे ग्रॅम क्रीम चीजला तीन मोठे चमचे चिरलेला शेपू पुरतो. ज्या घरात शेपू नावडता असेल तिथे कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग अगदी बारीक चिरून घाला. लिंबाचा रस घालू नका, त्याने मिश्रण पातळ होतं. त्याऐवजी सालीचा वरचा रंगीत भाग हलकेच किसून घाला, खालचा पांढरा कडू असतो. मिरपूड घाला. मीठ घालण्याआधी चाखा, कारण काकडी, बटर, चीज तिन्हींत ते आलेलं आहे. बहुतेक वेळा लागतच नाही.

हिरवी चटणी घालू का, असंही तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर नाही. चटणी, बटाटा, बीट, काकडी, चाट मसाला हे आपलं वेगळं, भरभक्कम सँडविच आहे आणि मला ते फार प्रिय आहे. पण टी सँडविचचा जन्म दुसऱ्या गरजेतून झाला. १८४०च्या सुमारास इंग्लंडमधल्या उमराव घरांत रात्रीचं जेवण उशिरा होऊ लागलं आणि मधल्या वेळी चहाबरोबर काहीतरी हलकं खाण्याची रीत पडली. त्याचं श्रेय सहसा बेडफर्डच्या डचेस ॲना यांना दिलं जातं. पोट भरू नये, बोटं माखू नयेत आणि चहाची चव मारली जाऊ नये, असं ते खाणं. काकडीचा गारवा आणि सौम्यपणा तिथे शोभतो. चटणी आली की जिभेवर फक्त चटणीच राहते.

ब्रेड साधा पांढरा, घट्ट विणीचा सँडविच ब्रेड घ्या. गोडसर मिल्क ब्रेड किंवा लादी पाव नको. एक दिवसाचा ब्रेड ताज्यापेक्षा सोपा जातो. स्लाइस पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवले तर बटर फासताना फाटत नाहीत, आणि भरून होईपर्यंत ते पूर्ववत मऊ होतात.

वीस जणांना माणशी तीन-चार तुकडे धरले तर वीस पूर्ण सँडविचेस, म्हणजे चाळीस स्लाइस लागतील. चारशे ग्रॅमचे तीन ब्रेड आणा, टोकाचे स्लाइस वगळून पुरतील. क्रीम चीज चारशे ग्रॅम, बटर दीडशे ग्रॅम, काकडी एक किलो. एका सँडविचचे चार त्रिकोण किंवा तीन लांब पट्ट्या होतात. पट्ट्या हातात धरायला बऱ्या, विशेषतः वयस्कर पाहुण्यांना.

वेळेचं गणित असं ठेवा. शेपू घातलेलं क्रीम चीज आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा, रात्रीत त्याची चव उलट खुलते. काकडी त्या दिवशी बारा-एकच्या सुमाराला मीठ लावून, निथळून, पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला. भरायला दोन वाजता बसा. दोन्ही स्लाइसना बटर, त्यावर क्रीम चीज, मग काकडीच्या चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक थोड्या चढवत एकाच थरात, आणि वर दुसरा स्लाइस. तळहाताने हलकं दाबा. कडा आत्ता कापू नका. अख्खी सँडविचेस बटर पेपर घातलेल्या डब्यात रचा, वर घट्ट पिळलेलं ओलसर फडकं आणि झाकण, मग फ्रीजमध्ये. उघडा ब्रेड फ्रीजमध्ये वाळतो, आणि झाकलेला असला तरी तिथल्या थंडीत त्यातला स्टार्च लवकर घट्ट होऊन तो शिळ्यासारखा लागतो. आदल्या रात्री नको म्हणते ते यासाठीही.

पाहुणे यायच्या वीस मिनिटं आधी कडा कापा आणि तुकडे करा. सुरी दातेरी हवी, दाब न देता मागे-पुढे ओढायची आणि प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर पुढच्या तुकड्याच्या पांढऱ्या कडेवर चीज माखतं. अर्धीच बाहेर मांडा, अर्धी फ्रीजमध्ये राहू द्या. दुधाचे पदार्थ आहेत, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. कार्यक्रम उन्हाळ्यात गच्चीवर असेल तर तासाभरातच संपतील असं बघा.

कापलेल्या कडांना बटर-चीज लागलेलं असतं, म्हणून त्या त्याच रात्री फोडणीच्या ब्रेडला वापरा. चाळणीखाली जमलेलं काकडीचं खारट पाणी दुसऱ्या दिवशीच्या ताकात घाला आणि ताकाचं मीठ तेवढं कमी करा.