ट्रक कोणाचा, ते आधी विचार

प्रिय,

तुझा निरोप वाचला. घर बदलायचंय, तीन पॅकर्सकडून आकडे आलेत, त्यातला एक बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा आहे, आणि मन तिकडेच धावतंय. साहजिक आहे. मीही एकदा धावलो होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

त्या वेळी फोनवर आमच्याशी गोड बोलणारा माणूस एक होता. सामान उचलायला आली ती माणसं दुसरीच. आणि आरसा फुटला म्हणून ज्याला फोन केला तो तिसराच. पहिल्याने काय कबूल केलंय ते दुसऱ्याच्या कानावर नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हातून काय फुटलंय ते तिसरा मानायला तयार नव्हता. या धंद्यातली बहुतेक भांडणं याच फटीत होतात. यात कोणी लबाडच असतो असं नाही. एकाचं काम बुकिंग आणायचं, दुसऱ्याचं ओझं वाहायचं, तिसऱ्याचं तक्रारी निस्तरायच्या. या तिघांच्या हातून फिरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कागद. तोंडी ठरलेलं ज्याच्याशी ठरलं त्याच्यापाशीच राहतं.

आता तो स्वस्त आकडा. पहिला प्रश्न विचार: ट्रक आणि माणसं तुमचीच का? नुसतं बुकिंग घेऊन काम दुसऱ्याकडे देणारे पुष्कळ असतात. त्यात गैर काही नाही, पण सामान प्रत्यक्षात कोण नेणार आणि मोडतोड झाली तर भरून कोण देणार, ही नावं तुला आधी माहीत हवीत. दुसरा प्रश्न: हा आकडा पक्का की अंदाज? अंदाज असेल तर तो कशामुळे आणि किती वाढू शकतो? घर न बघता फोनवर सांगितलेला आकडा ट्रक भरल्यावर फुगतोच. माणूस घरी बोलाव किंवा व्हिडिओ कॉलवर सगळं दाखव. सगळं म्हणजे कपाटांच्या आतलं, पलंगाखालचं, बाल्कनीतलं, आणि माळ्यावरचं ते चंबूगबाळं, जे आपण स्वतःही विसरलेलो असतो. भाडं सामान किती जागा खातं किंवा किती वजनाचं आहे यावर ठरतं. तू लपवलेल्या पाच खोक्यांचे पैसे शेवटी तुझ्याच खिशातून जाणार.

कोणता मजला, लिफ्ट आहे का, सामानासाठी ती वापरू देतात का, ट्रक दारापासून किती लांब उभा राहील, पलंग-कपाट सोडवून पुन्हा जोडणार कोण, हे सगळं दोन्ही घरांसाठी लिहून दे. लांबचा प्रवास असेल तर ट्रक एकट्या तुझा की चार घरांचं सामान एकत्र, हेही विचार. एकत्र असेल तर पोहोचायची तारीख एक नसते, काही दिवसांचा पट्टा असतो. आगाऊ रक्कम थोडीच दे. उरलेली कधी द्यायची, उतरवण्याआधी की नंतर, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

विम्यावर जरा थांबतो, कारण तिथे शिकलेली माणसंही फसतात. ‘विमा आहे साहेब’ या तीन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. एक, वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारी. ती पुष्कळदा मर्यादित असते, आणि कधी कधी वस्तूच्या वजनावर मोजली जाते. दीड किलोचा लॅपटॉप फुटला तर दीड किलोची भरपाई! दुसरी, तू जाहीर केलेल्या किमतीवर काढलेला खरा विमा, ज्याची पॉलिसी तुझ्या हातात पडते. पॉलिसी माग आणि तिच्यातल्या वगळलेल्या गोष्टी आधी वाच. तू स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं आणि खोकं बाहेरून धड असेल, तर भरपाई बहुधा नाकारतात. त्यामुळे काचसामान त्यांनाच बांधू दे. दावा किती दिवसांत करायचा तेही बघून ठेव. कागदपत्रं, दागिने, औषधं आणि हार्ड डिस्क मात्र कोणाच्याच ट्रकमध्ये टाकू नकोस.

बांधाबांधीचं फार सांगत नाही, ते हाताने येतं. पुस्तकं लहान खोक्यात, ताटल्या उभ्या, टीव्ही उभा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा कर आणि उभाच न्यायला सांग. आडवा झालाच तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, तेव्हा नव्या घरी काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नकोस. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम अडकवणारे लांब बोल्ट मशीनसोबत आलेले असतात. ते बहुतेक घरांत हरवलेले असतात (आमच्याही). आत्तापासूनच शोधायला लाग.

माणसं येतील त्या सकाळी सगळ्यांवर ओरडत फिरू नकोस. त्यांच्यात एक मुकादम असतो, त्याला ओळख. पहिली पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर घरभर फीर: हे न्यायचं, हे राहू द्यायचं, हे नाजूक आहे, या पलंगाचा हा पाय आधीच डुगडुगतो. न न्यायच्या वस्तू एका खोलीत घालून खोलीला कुलूप लाव. मग त्यांच्या वाटेतून बाजूला हो. कपाट जिन्यात कसं वळवायचं ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. प्यायचं पाणी आणि संडास कुठे आहे, हे त्यांनी विचारायची वेळ येऊ देऊ नकोस. दिवसभर पाठीवर घर वाहणाऱ्या माणसाला एवढंही न सांगणारी घरं मी पाहिली आहेत.

प्रेमाने वाग, पण यादी वाचल्याशिवाय सही करू नकोस. प्रत्येक नगाला नंबर चिकटवतात आणि यादीत त्यापुढे वस्तूची अवस्था लिहितात. घाईत मुकादम सरसकट ‘जुनं, ओरखडे’ लिहीत सुटतो. तुझं महिन्यापूर्वीचं टेबलही ‘जुनं, ओरखडे’. पुढे ओरखडा पडला की हाच शेरा तुझ्यासमोर नाचवतील. तिथल्या तिथे दुरुस्त करून घे आणि मोठ्या वस्तूंचे फोटो काढून ठेव.

मधेच कोणी म्हणेल, ‘एवढं वर चढवायचं म्हणजे वेगळे पैसे पडतील.’ त्याच्याशी घासाघीस करू नकोस आणि परस्पर हातावर पैसेही टेकवू नकोस. त्याच्यासमोरच ऑफिसला फोन लाव, ठरेल ते मेसेजवर मागून घे. कधी कधी मुकादमाचंच खरं असतं, कारण तिसरा मजला आहे हे ऑफिसने त्याला सांगितलेलंच नसतं. ऑफिसचा राग त्याच्यावर काढू नकोस.

उतरवताना दारात उभं राहून नंबर मोज. आमचा आरसा फुटला त्या रात्री उशीर झाला होता, सगळे दमले होते, मी ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ या ओळीखाली सही ठोकून मोकळा झालो. सकाळी खोकं उघडलं. मॅनेजर अगदी शांतपणे म्हणाला, ‘पण तुम्ही तर सही केलीत.’ त्याला काय बोलणार? तू पोचपावतीवर दिसणारं नुकसान नंबरासकट लिही, आणि न उघडलेल्या खोक्यांबद्दल ‘आतलं तपासलेलं नाही’ असं लिहून मगच सही कर. फुटलेली वस्तू आणि तिचं खोकं फेकू नकोस.

मॅनेजरशी बोलणं फोनवर झालं तरी लगेच दोन ओळी लिहून पाठव: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक दिवशी तुम्ही उत्तर देणार आहात.’ तक्रार लहान ठेव. नगाचा नंबर, फोटो, किंमत, आणि तुला काय हवंय: दुरुस्ती की रक्कम, रक्कम असेल तर किती. ‘मला न्याय हवा’ असं लिहिलं की त्याला काही करता येत नाही, त्यालाही वरच्याला आकडाच दाखवायचा असतो. आणि जास्त पैसे दिल्याशिवाय सामान उतरवत नाही अशी वेळ आलीच, तर लेखी कोटेशन पुढे ठेव आणि प्रत्येक वाढीव रकमेचं लेखी कारण माग. नाइलाजाने द्यावेच लागले तर पावतीवर ‘आक्षेप नोंदवून’ असं लिही, म्हणजे पुढे भांडायला जागा राहील.

पलंगाचे स्क्रू एका पिशवीत घालून पलंगालाच चिकटव, हे राहिलंच होतं.

ती तिन्ही कोटेशनं मला पाठव. तोवर स्वस्तवाल्याला एवढंच विचार, ट्रक कोणाचा. काय म्हणतो ते कळव.

तुझा,
काका