विधेयक समितीत आहे तोवर पत्र लिहा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच संसदेतल्या विधेयकांबद्दल आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो आहे. ज्यांनी सातबाऱ्याचे, वारसाचे प्रश्न विचारले आहेत त्यांना पुढच्या वेळी.

टीव्हीवर सांगतात, विधेयक मांडलं आणि समितीकडं पाठवलं. आमच्या पारावर म्हणतात, ‘गेलं बासनात!’ खरं काय जी?
(एक कास्तकार, राळेगाव तालुका, यवतमाळ)

पारावरचे लोक अगदीच चुकीचं बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. विधेयक मांडलं जातं त्या दिवशी सहसा काहीच ठरत नाही. मंत्री परवानगी मागतात, सभागृह ती देतं आणि कागद पटलावर येतो. खरी चिरफाड व्हायची असेल तर ती समितीत होते.

समित्या दोन तऱ्हेच्या ध्यानात ठेवा. एक, खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या. या 1993 मध्ये सुरू झाल्या तेव्हा 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत 31 खासदार असतात, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. मंत्र्यांना यांत जागा नाही. समितीची मुदत एक वर्षाची, त्यामुळं आपला खासदार यंदा शेतीच्या समितीत असेल तर पुढच्या वर्षी रेल्वेच्या असू शकतो. दुसरी तऱ्हा म्हणजे एकाच विधेयकासाठी नेमलेली संयुक्त समिती. 2024 मध्ये वक्फचं विधेयक अशा समितीकडं गेलं, आणि एकत्र निवडणुकांचं गेलं ते तर 39 जणांच्या समितीकडं.

समितीत कॅमेरा नसतो, त्यामुळं खासदार जरा कामाचं बोलतात. खात्याच्या सचिवाला समोर बसवून ‘हे कलम कशासाठी?’ असं विचारता येतं. शेवटी अहवाल सभागृहात येतो. ज्यांना पटलं नाही ते आपली असहमतीची टिपणी जोडतात. (मी तर अहवाल शेवटच्या पानांपासून वाचायला घेतो. भांडण कशावर झालं ते तिथंच कळतं.) मात्र अहवाल सरकारवर बंधनकारक नाही. सरकार त्यातलं हवं ते घेतं, नको ते सोडतं.

2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली. तेव्हा नवा कायदा येणार म्हणाले होते. आला का?
(यवतमाळ जिल्ह्यातून तीन पत्रं, आशय एकच)

नाही. इथं पारावरचं म्हणणं खरं ठरलं. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि कित्येक जण दवाखान्यात पडून होते. तेव्हा लागू होता तो 1968 चा कीटकनाशक कायदा. त्याची जागा घेणारं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक 23 मार्च 2020 रोजी राज्यसभेत मांडलं. करोनाची टाळेबंदी दारात उभी होती, कुणाचं लक्ष नव्हतं. 2021 च्या जूनमध्ये ते शेतीच्या स्थायी समितीकडं गेलं आणि समितीनं डिसेंबरमध्ये अहवाल दिला. म्हणजे समितीनं सहा महिन्यांत काम उरकलं. त्यानंतरची चार वर्षं विधेयक मंजुरीला आलंच नाही. दोष द्यायचा तर तो नेमका कुणाकडं जातो ते यावरून पाहा. तुमच्यापैकी एकानं ‘समितीनं खाल्लं’ असं लिहिलंय, ते तेवढं खरं नाही.

माझा आजा, बाप, मी, सगळे जंगलातल्या तुकड्यावर धान लावत आलो. आम्ही आदिवासी नाही. दाव्यात 75 वर्षांचा पुरावा मागतात. ही अट कुणी घातली?
(कोरची तालुका, गडचिरोली)

या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो, कारण समितीनं कायदा कसा फिरवला ते यात दिसतं.

वनहक्काचं विधेयक 13 डिसेंबर 2005 रोजी लोकसभेत मांडलं गेलं, तेव्हा ते फक्त अनुसूचित जमातींसाठी होतं. म्हणजे तुमच्यासारखे ढिवर, कुणबी, बौद्ध कुटुंबांतले लोक त्यात मुळातच नव्हते. दुसरं, ताबा 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीचा हवा होता. वनसंवर्धन कायदा त्या दिवसापासूनचा, म्हणून ती तारीख. त्यानंतर जमीन कसायला घेतलेला माणूस बाद. तिसरं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच हेक्टर.

विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडं गेलं. देशभरातून आदिवासी संघटना, वन्यजीववाले, वनअधिकारी, सगळ्यांचं म्हणणं समितीपुढं आलं. मे 2006 मध्ये अहवाल आला, त्यात तारीख पुढं सरकवून विधेयक मांडलं तो दिवस, म्हणजे 13 डिसेंबर 2005, धरायला सांगितलं. आदिवासी नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांनाही आत घ्या, असं सांगितलं. क्षेत्राची मर्यादा काढा म्हटलं. दाव्यांवर अखेरचा शब्द ग्रामसभेचा असावा, अशीही समितीची भूमिका होती.

डिसेंबर 2006 मध्ये कायदा झाला तेव्हा यातलं काय उरलं? तारीख मान्य झाली. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हा गट कायद्याच्या नावातच आला. क्षेत्राची मर्यादा गेली नाही, पण अडीचची चार हेक्टर झाली. ग्रामसभेच्या डोक्यावर उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्या बसल्याच. आणि बिगरआदिवासींसाठी तीन पिढ्या, एक पिढी 25 वर्षांची, असा हिशेब लावून 75 वर्षं आली. तुमची अट ती हीच. दार समितीनं उघडायला लावलं, सरकारनं ते अर्धवट उघडलं.

एक गोष्ट मात्र दाव्यात नीट मांडा. 75 वर्षं त्या गावात-जंगलात राहत आणि त्यावर अवलंबून होतो हे दाखवायचं असतं. त्याच तुकड्यावर 75 वर्षं नांगर चालवला असं नव्हे. तुकड्याचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला म्हणजे झालं. या दोन गोष्टींची गल्लत करून कित्येक दावे फेटाळले जातात. आजाच्या नावचा जुना मतदारयादीचा उतारा, निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद), शाळेचा दाखला चालतो, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुराव्यात धरतात. दावा फेटाळला असेल तर लेखी कारण मागा आणि वरच्या समितीकडं 60 दिवसांच्या आत अर्ज करा.

तुमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये याच कायद्याखाली 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढं गावानं आपला बांबू स्वतः विकला. बांबू हे गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातला इतर माल) आहे हे कायद्यानं स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलंय, म्हणून ते शक्य झालं.

रोहयोच्या नव्या कायद्यावर समिती बसली होती का? आमच्याकडं मस्टर निघणं थांबलं की काय अशी चर्चा आहे.
(एक ग्रामरोजगार सेवक, भंडारा जिल्हा)

समिती बसली नाही. विरोधकांनी तशी मागणी केली होती, पण 16 डिसेंबर 2025 रोजी विधेयक लोकसभेत मांडलं, 18 ला ते आवाजी मतदानानं मंजूर झालं आणि त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर राज्यसभेतूनही बाहेर पडलं. आधीचा, 2005 चा कायदा कसा झाला होता? डिसेंबर 2004 मध्ये विधेयक आलं, कल्याणसिंह अध्यक्ष असलेल्या ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडं गेलं, ऑगस्टमध्ये मंजूर झालं. मूळ विधेयक फक्त गरीब कुटुंबांपुरतं होतं. दारिद्र्यरेषेच्या यादीचा आपल्याकडं काय खेळ होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. ती अट गेली आणि काम मागणाऱ्या प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला जॉबकार्ड मिळालं, ते त्या आठ महिन्यांत.

नव्या कायद्यात दिवस 100 चे 125 केलेत. खर्चात राज्याचा वाटा 40 टक्के झाला, आधी मजुरीचा सगळा भार केंद्राचा होता. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतात. माझा आक्षेप या तिसऱ्या कलमावर आहे. भंडारा-गोंदियात रोवणीला मजूर मिळत नाही हे मान्य. पण तिकडं बुलडाण्यात कापूस वेचणीचे दिवस निराळे, मेळघाटात तर पेरणी आटोपली की हाताला कामच नसतं. कुठं कोणते दिवस बंद ठेवायचे हे राज्यानं भागवार ठरवायचं आहे. तेव्हा पत्र आता दिल्लीला नको, मंत्रालयात रोहयो विभागाला लिहा, आणि आपल्या तालुक्याचे रिकामे महिने त्यात नावानिशी द्या.

कृषिपंपांच्या विजेचं 2022 चं विधेयक रद्द झालं म्हणतात, आणि बियाण्याचं मात्र कित्येक वर्षं चालू. असं कसं?
(दर्यापूर तालुका, अमरावती)

विधेयक कोणत्या सभागृहात मांडलं त्यावर ते अवलंबून. वीज दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आलं आणि ऊर्जा समितीकडं गेलं. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, त्याबरोबर ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही, त्यामुळं तिथं मांडलेलं आणि लोकसभेनं अजून मंजूर न केलेलं विधेयक टिकून राहतं. बियाणे विधेयक 2004 मध्ये राज्यसभेत मांडलं होतं. समितीचा अहवाल 2006 मध्ये आला, मग 2009 आणि 2014 च्या दोन्ही विसर्जनांतून ते तरलं. टिकलं खरं, पण कायदा काही झाला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारनं नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला.

तोवर बियाणं उगवलं नाही तर वाट बघत बसू नका. ग्राहक आयोगात जाता येतं, सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये तसा निर्वाळा दिलेला आहे. पिशवी, तिच्यावरचं लेबल, पक्कं बिल आणि मूठभर उरलेलं बियाणं जपून ठेवा. बिल न घेता उधारीवर आणलं असेल तर मात्र अवघड आहे.

आमच्या खासदाराकडून हमीभावाचं विधेयक मांडून घ्यायचं आहे. चालतं का?
(वर्धा जिल्हा)

चालतं. मंत्री नसलेला कोणताही खासदार मांडू शकतो. शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. पण अशी विधेयकं स्वातंत्र्यानंतर फक्त 14 मंजूर झाली, शेवटचं 1970 मध्ये. राजू शेट्टी यांनी 2018 मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन विधेयकं लोकसभेत मांडली होती, तीही कायदा झाली नाहीत. चर्चा घडवायला उपयोग आहे, भाव मिळवायला नाही. त्यापेक्षा खासदार कोणत्या स्थायी समितीत आहे ते विचारा.

आमच्या ग्रामसभेचं पत्र समिती खरंच वाचते का? कसं लिहायचं? मराठीत चालेल?
(एक माजी सरपंच, चंद्रपूर जिल्हा)

पत्र उशिरा जातं ही खरी अडचण. समिती सूचना मागवते ती जाहिरात देऊन, आणि मुदत बहुधा 15 दिवसांची. आपल्याकडं ग्रामसभेची नोटीस काढून ठराव होईपर्यंत तेवढे दिवस निघून जातात. म्हणून विधेयक मांडल्याची बातमी आली की लगेच संसदेच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. हिंदी प्रत असते, ती आपल्या माणसांना वाचता येते. समितीत कलमवार चर्चा सुरू झाली की मग फार काही हलत नाही.

निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत मागतात. मराठीत ठराव करा, सोबत हिंदी भाषांतर जोडा. गावातला शिकणारा पोरगा करून देईल. दोन प्रती लागतात. तोंडी म्हणणं मांडायचं असेल तर तसं पत्रातच लिहा, बोलावणं येऊ शकतं. समितीला दिलेलं निवेदन तिच्या कामकाजाचा भाग होतं, तेव्हा अहवाल येण्याआधी ते वर्तमानपत्रात छापायला देऊ नका.

मजकुराचं म्हणाल तर, ‘शेतकरीविरोधी विधेयक मागे घ्या’ असल्या निवेदनांचा गठ्ठा एका आकड्यात मोजला जातो: इतकी निवेदनं विरोधात. कलम धरून लिहिलेलं पत्र वेगळं निघतं. समजा, कीटकनाशकाच्या मसुद्यात भरपाई ‘शेतकऱ्याला’ असं लिहिलंय. आपल्याकडं पंप पाठीवर कोण घेतो? मजूर. दुकानातून औषध कास्तकारानं आणलेलं, बिल त्याच्या नावाचं, आणि पऱ्हाटीत कमरेइतक्या झाडांतून फिरून श्वासात घेतलं ते मजुरानं. त्याच्याकडं ना सातबारा ना बिल. मग पत्रात कलमाचा आकडा घाला, त्यातले शब्द जसेच्या तसे उतरवा आणि खाली लिहा: ‘शेतकरी’ या शब्दानंतर ‘किंवा फवारणी करणारी कोणतीही व्यक्ती’ एवढे शब्द घालावेत. त्याखाली आपल्या गावात काय घडलं ते पाच ओळींत. असं पान अधिकाऱ्यानं सारांशात घेतलं की सदस्यांपुढं जातं. प्रत्येक पान जाईलच असं मी म्हणणार नाही.

हे सगळं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनालाही लागू का?
(काटोल तालुका, नागपूर)

नाही, ते राज्याचं विधानमंडळ, नियम वेगळे. तिथंही संयुक्त समिती नेमता येते. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये नागपुरातच पुन्हा मांडून चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष असलेल्या समितीकडं दिलं होतं. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, मसुद्यात काही बदल झाले आणि जुलै 2025 मध्ये ते मंजूर झालं. अशा विधेयकावर लिहायचं असेल तर पत्ता मुंबईच्या विधानभवनाचा, आणि मराठीत लिहिलं की पुरे.