लता मंगेशकर सांगलीतच जन्मल्या आणि पहिल्यापासून फक्त गातच होत्या, हे खरं का?

नाही, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत: लतादीदींचा जन्म 1929 साली इंदूरचा, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांनी पोटापाण्यासाठी सिनेमात कामंही केली. आम्हा सांगलीकरांचा गोंधळ होतो, कारण वडील मास्टर दीनानाथ यांचं बिऱ्हाड बरीच वर्षं इथं होतं आणि आशाताईंचा जन्म इथलाच, 1933 चा. दीनानाथ म्हणजे संगीत रंगभूमीवरचे गाजलेले गायक नट, 'बलवंत संगीत मंडळी' या नाटक कंपनीचे एक संस्थापक. बोलपट आल्यावर त्यांनी सिनेमात हात घातला, त्यात पैसा बुडाला. एप्रिल 1942 मध्ये ते गेले, तेव्हा थोरल्या लता जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. मग घरोब्यातल्या चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी हात दिला. त्या काळातली लतादीदींची कामं चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सापडतात:

- 'पहिली मंगळागौर' (1942), यात गाणंही
- 'माझं बाळ' (1943)
- 'गजाभाऊ' (1944)
- 'बडी माँ' (1945), हिंदी, नूरजहाँसोबत

मात्र याला 'अभिनेत्री म्हणून कारकीर्द' म्हणणं जरा जास्तच होईल. भूमिका छोट्या होत्या. मेकअप, दिवे हे सगळं आपल्याला आवडायचं नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. 1949 च्या 'महल'मधलं गाणं गाजल्यावर तर घर चालवायला अभिनयाची गरजच उरली नाही.