42 मिलिमीटरचे 5 कसे झाले?

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहते. यंदा गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजते. जूनचे पहिले दहा दिवस, मिलिमीटरमध्ये : 0, 0, 0.4, थेंब, 7, एनए, एनए, 42, 12, 2.5. (दोन दिवस गावी होते, तिथे एनए, म्हणजे 'नोंद नाही', असं लिहिलंय.) फाइल 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत उघडून सरासरी मागितली, तर उत्तर एनए. मग 'ॲज.न्यूमेरिक' (आकड्यांत बदलणारी आज्ञा) लावून एनए वगळले, तेव्हा 3.625 आली. पण 42च्या जागी 5 दिसतोय आणि 7च्या जागी 6! चुकलं कुठे?

उत्तर : ताई, घोळ त्या 'थेंब' शब्दाने झाला. 'आर'मध्ये डेटा फ्रेमच्या, म्हणजे तक्त्याच्या, एका स्तंभात एकाच जातीच्या किमती (नोंदी) राहतात. एक शब्द शिरला की शेजारचे आकडेही मजकूर होतात. त्यात तुमची आवृत्ती जुनी दिसते. 2020 साली 4.0.0 आली, तोवर फाइल वाचताना मजकुराचा स्तंभ आपोआप फॅक्टर व्हायचा.

सारसबागेच्या गणपतीला गेल्यावर चपला ठेवून बिल्ला घेतो ना, फॅक्टर तसा असतो : प्रत्येक वेगळ्या नोंदीला एक नंबर. बिल्ल्यावरच्या 5चा चपलेच्या मापाशी काही संबंध नाही. तुमच्या किमती 'आर'ने शब्द समजून अकारविल्हे लावल्या : 0, 0.4, 12, 2.5, 42, 7, थेंब. त्यात 42 पाचवा, 7 सहावा. 'ॲज.न्यूमेरिक'ने बिल्ल्यांचे नंबर दिले आणि तुम्ही त्यांची सरासरी काढलीत. माझ्या वर्गात ही चूक दरवर्षी कोणीतरी करायचंच, आणि मला तिची धास्ती वाटते ती एवढ्यासाठी की संगणक अवाक्षर काढत नाही.

आधी 'ॲज.कॅरेक्टर' (बिल्ल्याऐवजी मूळ मजकूर देणारी आज्ञा), मग त्यावर 'ॲज.न्यूमेरिक' लावा. 42 परत 42 होईल. थेंबचा मात्र एनए होईल; तिथे 0 लिहा आणि 'थेंब' शेरा म्हणून वेगळ्या स्तंभात ठेवा. तो शब्द पुसू नका, पाऊस आला होता हे त्यातूनच कळतं.

आता खरी मेख. एनए वगळले की 'आर' 63.9 ला 8ने भागेल आणि 7.99 सांगेल. तेही चूक आहे. तुम्ही गावी होतात, पण पर्जन्यमापक गच्चीवरच होता. परतल्यावर मोजलेले 42 मिमी तीन दिवसांचे आहेत. म्हणून बेरीज एनए वगळून करा, भागा मात्र 10ने : रोजचे 6.39 मिमी. आणि त्या 42समोर शेऱ्यात 'तीन दिवसांचा' असं आजच लिहून टाका, नाहीतर सप्टेंबरात सर्वाधिक पावसाचा दिवस शोधाल तेव्हा तोच वर येईल.