बाबांच्या पायाला कसली शीट लावणार?

प्रश्न : बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, डाव्या तळव्याची जखम चार महिने झाले भरतच नाहीये. सर्जन म्हणाले स्कॅफोल्ड लावू, म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाची शीट. ती जनावराची असते असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि बाबा माळकरी, आता पाय दाखवायलाच तयार नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, बाबांची अडचण खरी आहे, तिला हट्ट म्हणू नका. आधी हे स्कॅफोल्ड करतं काय ते सांगते. कारल्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसंच आहे, शीटला बारीक बारीक छिद्रं असतात, आजूबाजूच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यातून आत शिरतात, नवीन थर धरतो आणि मांडव हळूहळू विरघळून जातो.

शेजारी म्हणाले ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. यातलं जुनं नाव इंटेग्रा, अमेरिकेत बोस्टनच्या बर्क आणि यानास या जोडीने भाजलेल्या पेशंटसाठी बनवलं, तिथे १९९६ ला मान्यता मिळाली. त्यात गायीचं कोलॅजन, शार्कच्या कूर्चेतला एक घटक आणि वर सिलिकॉनचा पापुद्रा असतो. आइसलँडमध्ये कॉड माशाची कातडी वापरतात आणि आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने डुकराच्या पित्ताशयापासून स्कॅफोल्ड बनवलंय, मला या कामाचा फार अभिमान वाटतो. पण पूर्ण सिंथेटिक पण असतं, ऑस्ट्रेलियात पॉलियुरेथेनच्या फोमचं निघालंय. म्हणून सर्जनना सरळ विचारा, शीट कशापासून बनलीय, बिनप्राण्याचं काही मिळेल का, खर्च किती. हे विचारायचा बाबांना पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर त्यांच्यासमोरच घ्या, परस्पर लपवून काही लावू नका.

आता त्याहून महत्त्वाचं. वेलाला पाणीच नसेल तर मांडव घालून काय उपयोग? पायात रक्त नीट पोचतंय का याची डॉप्लर तपासणी झालीय का, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का, मेलेला भाग काढून जखम साफ केलीय का, शुगर आटोक्यात आहे का, हे आधी बघायला लागतं. आणि तळव्याची जखम असूनही पेशंट त्याच पायावर चालत राहतात, बधिरपणामुळे दुखत नाही ना, तिथेच सगळा घोळ होतो, कितीही महागडी शीट लावली तरी दर पावलाला ती चिरडली जाते. भार काढणारं प्लास्टर किंवा खास बूट मिळतो, तो शीटची वाट न बघता याच आठवड्यात मागून घ्या. पाय काळा पडला, वास यायला लागला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.