रोजच्या वापरातली गाडी घेऊन पहिल्यांदा हौशी रॅलीक्रॉसमध्ये (मातीच्या मैदानावरच्या शर्यतीत) उतरायचं असेल, तर तयारी काय करावी आणि गाडी खराब होते का?

तुम्ही लिहिलंय की गाडी साधी हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी, आणि सोमवारी तिनेच कामावर जायचं आहे. मग न्यावी की नाही? बिनधास्त न्या. मीही अशाच गाडीने सुरुवात केली आणि आजही तशीच गाडी घेऊन उतरतो. पहिल्या वेळेसाठी गाडीवर काहीही खर्च करू नका, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या गाडीला जे जमतं त्यातलं बरंच काही तुम्हाला अजून काढून घेता येत नसतं. ते आधी शिकून घ्या, नवे पार्ट नंतर.

टीव्हीवर दिसणारं रॅलीक्रॉस डोक्यातून काढून टाका. फेब्रुवारी 1967 मध्ये इंग्लंडमधल्या लिडन हिलला टीव्ही प्रक्षेपणासाठी पहिली शर्यत झाली आणि ब्रिटिश ड्रायव्हर विक एल्फर्डने ती पोर्शे 911 ने जिंकली. 2014 मध्ये त्याची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. तिथे गाड्या एकत्र सुटतात आणि एकमेकींना ठोकत वळतात. रोजची गाडी तिथे चालत नाही. हौशी प्रकारात मोकळ्या मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर कोन (रस्त्याच्या कामावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू) मांडून मार्ग आखतात, मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडतात आणि तिची वेळ मोजतात. शेजारी दुसरी गाडी नसते, त्यामुळे ठोकाठोकीचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संघटनेचे नियम नमुना म्हणून बघा. कोन पाडला की 2 सेकंद दंड, एखादं गेट (ज्यातून जायचं ती कोनांमधली वाट) चुकवलं तर 10 सेकंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकाल सगळ्या फेऱ्यांच्या वेळेची बेरीज करून लागतो. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे डांबरावरच्या अशाच कोनांच्या स्पर्धेत, सर्वांत चांगली एक फेरी धरतात, त्यामुळे बाकीच्या फेऱ्यांत जीव तोडून प्रयोग करता येतात. इथे एक वेडीवाकडी फेरी दिवसभर मानेवर बसते. म्हणून पहिली फेरी मुद्दाम हळू मारा. मार्ग चुकला नाही, कोन पडला नाही, एवढंच बघा. नवख्यांमध्ये वर येतो तो बहुतेक वेळा हाच माणूस, सर्वांत जोरात चालवणारा नव्हे.

आता गाडी. आयोजक सुरुवातीलाच तपासणी करतात: बॅटरी घट्ट बसवलेली आहे का, चाकांचे नट आवळलेले आहेत का, व्हील बेअरिंगमध्ये खेळ आहे का, ब्रेकचा पेडल कडक लागतो का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पटकन वर येतो का, सीटबेल्ट धड आहेत का. हे सगळं आठवडाभर आधी स्वतः बघा, म्हणजे काही निघालं तर वेळ राहतो. बेअरिंग आधीच घरघर करत असेल किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) ढिला असेल तर ते बदलल्याशिवाय जाऊ नका, कारण खड्ड्यातून आडवी घसरणारी गाडी सगळा भार तिथेच टाकते. डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, पायाखालची मॅट, दाराच्या कप्प्यातली बाटली, सगळं बाहेर. सुटी बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको. उंच एसयूव्ही बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, कारण त्या उलटण्याचा धोका जास्त असतो; हॅचबॅकला ती अडचण नाही. हेल्मेट मात्र लागतंच. पुष्कळ ठिकाणी आयोजकांकडे उसनं मिळतं, पण कोणत्या मानांकनाचं चालतं ते विचारून ठेवा.

टायर आहेत तेच चालतील, फक्त नक्षी शिल्लक हवी. मोठ्या रिमवर पातळ टायर असतील तर जरा जपून, कारण खड्ड्याच्या कडेने रिम वाकते. लहान रिम आणि जाड टायर इथे उलट फायद्याचे. हवेच्या बाबतीत लोक हमखास गोंधळतात. वाळूत हवा कमी करतात हे ऐकलेलं असतं, म्हणून इथेही कमी करायला जातात. तसं करू नका. आडव्या घसरणीत टायरची कड रिमवरून सरकायला बघते, फटीत खडा शिरतो आणि हवा जाते. दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय त्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, टायरवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता. परतताना पुन्हा नेहमीइतकी करा.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायला आधीच शिकून ठेवा. मातीवर चाक कायम थोडं फिरतंच. ते फिरलं की यंत्रणा इंजिनची ताकद कापते आणि वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबून बसता, गाडी मात्र हलत नाही. काही गाड्यांत बटण नुसतं दाबून चालत नाही, बराच वेळ दाबून धरावं लागतं, आणि काहींत ते कधीच पूर्ण बंद होत नाही. एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, हात लावू नका. मातीवर लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग जमवतं आणि त्याने गाडी लवकर थांबते. एबीएस तो ढीग जमू देत नाही, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं. जुनेजाणते त्याचा फ्यूज काढतात. तुम्ही काढू नका, सोमवारी रस्त्यावर तो लागणार आहे. ब्रेक लवकर आणि सरळ रेषेत मारा, एवढं पुरतं.

आता खरा विषय, गाडी चालवणं. फर्स्टला सुटून लगेच सेकंड टाका. बहुतेक मार्ग त्यातच संपतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअर दोनवर धरून ठेवा. सुरुवातीला सगळ्यांचं एकच होतं: वेग जास्त ठेवून वळणात शिरतात, स्टिअरिंग फिरवतात, गाडी वळत नाही, म्हणून आणखी फिरवतात. पुढची चाकं मातीत आडवी होऊन नुसती खरवडत जातात आणि गाडी सरळ कोनावर. अशा वेळी स्टिअरिंग थोडं सोडायचं आणि रेस कमी करायची. चाकं पुन्हा माती पकडतात आणि नाक आपोआप आत येतं. हाताला हे अगदी उलटं वाटतं, पण दोन-तीन वळणांत स्टिअरिंगचं वजन बदलल्याचं कळायला लागतं. चाकं घसरत असतात तेव्हा ते हलकं लागतं, पकड आली की जड.

वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीचं वजन पुढे येतं, नाक दबतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्याच क्षणी स्टिअरिंग दिलं तर शेपूट हळूच बाहेर निघतं आणि गाडी स्वतःहून वळते. रॅलीक्रॉसची मजा इथे आहे. पण शेपूट जास्तच आलं की घाबरून ब्रेक मारावासा वाटतो, आणि ब्रेक मारला की गाडी गरकन फिरते. पुढच्या चाकांच्या गाडीत याच्या उलट करायचं: जिथे जायचंय तिकडे बघायचं, स्टिअरिंग तिकडे वळवायचं आणि हळूच रेस द्यायची. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांच्या गाडीला हा उपाय लागू नाही, तिथे रेस वाढवली तर गाडी आणखी फिरते. हँडब्रेक ओढून वळायचा मोह पहिल्या दिवशी टाळा. पाय उचलून गाडी वळवता आली की त्याची गरजच फारशी पडत नाही.

नजर पुढच्या गेटवर नको, त्याच्याही पुढच्या गेटवर हवी. ज्या कोनाकडे टक लावून बघाल तोच पाडाल. सुरुवातीला मार्ग पायी फिरू देतात तेव्हा गप्पा मारत फिरू नका. उभ्या कोनाशेजारी आडवा पडलेला कोन कोणत्या बाजूने जायचं ते दाखवतो, तो नीट बघा. प्रत्येक वळणाच्या आतल्या कोनाजवळ खाली वाका आणि ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून पुढचं गेट दिसतं का ते तपासा. गवत उंच असेल तर उभं राहून दिसतं ते गाडीतून दिसत नाही.

जमीन दिवसभर बदलत राहते. सकाळी दवाने गवत साबणासारखं निसरडं असतं. मग वरची सुटी माती बाजूला सरते आणि खालची कडक जमीन उघडी पडते, तिथे पकड चांगली मिळते. दुपारपर्यंत वळणांत चाकोऱ्या पडतात. या चाकोऱ्यांचा मी मनापासून आदर करतो. आडवी घसरणारी गाडी चाकोरीच्या कडेला अडकली तर उलटू शकते. चाकोरी खोल दिसली तर तिथे आडवं जाऊच नका, सरळ ओलांडा, सेकंद गेला तर जाऊ द्या, आणि आयोजकांना सांगा. ते कोन हलवतात. तुमची फेरी नसेल तेव्हा बहुधा तुम्हालाच मार्गावर उभं राहून पडलेले कोन उचलायचे असतात. हे काम कंटाळवाणं समजू नका. चांगले ड्रायव्हर पाय कुठे उचलतात हे इंजिनच्या आवाजावरून तिथेच ऐकू येतं.

गाडीला काय होतं? धूळ भरपूर. काचा बंद, हवा आतल्या आत फिरती ठेवा, तरी ती शिरणारच. बंपरच्या क्लिपा निघतात, चाकामागचं आणि इंजिनखालचं प्लास्टिक लोंबतं. प्लास्टिकच्या पट्ट्या बरोबर ठेवा, तेवढ्यावर भागतं. गवताच्या मैदानावर प्रत्येक फेरीनंतर खाली वाकून सायलेन्सरच्या पाइपला वाळकं गवत चिकटलंय का बघा. तो तापलेला असतो आणि गवत पेट घेतं.

परतीच्या रस्त्यावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका. रिमच्या आतल्या बाजूला चिखल थापला जातो आणि चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं. निघण्याआधीच काडीने तो खरवडून काढा. आणि चाकांचे नट पुन्हा एकदा आवळा. घरी आल्यावर पाण्याचा जोर रिमच्या आतून, डिस्कवर आणि चाकांच्या कमानीत मारा. एअर फिल्टर काढून झटका, केबिनचाही. पहिले काही ब्रेक करकरतील, बारीक खडा निघून गेला की थांबतं. करकर टिकली तर चाक काढून पॅड बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट.

विम्याचं मात्र जाण्याआधी बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये स्पर्धेत झालेलं नुकसान धरत नाहीत, वॉरंटीतही तशी अट असू शकते. म्हणजे मैदानावर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. नुकसान झेपणार नसेल, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेच याच गाडीने लांब जायचं असेल, तर पुढची तारीख धरा आणि या वेळी नुसते कोन उचलायला जा. आयोजकांना माणसं लागतातच, आणि परवानगी असेल तर एखादा अनुभवी ड्रायव्हर शेजारच्या सीटवर बसवून फेरीही मारून आणतो.