आधी प्रत, मग दुरुस्ती : बिघडत्या हार्ड डिस्कविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क आहे. गेल्या आठवड्यापासून काही फोल्डर उघडताना तो मिनिटभर अडकतो आणि मग पूर्ववत चालू लागतो. काल सुरू करताना डिस्क तपासून दुरुस्त करत असल्याचा संदेश विंडोजने दाखवला. ही तपासणी पूर्ण होऊ द्यावी का? डिस्कवर माझा प्रबंध आणि दहा वर्षांचे फोटो आहेत.

उत्तर : होऊ देऊ नका. लॅपटॉप बंद करा आणि पुढचे सगळे नीट ठरेपर्यंत तो पुन्हा सुरू करू नका.

ही तपासणी करणारे विंडोजचे चेकडिस्क हे साधन तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची जी अनुक्रमणिका असते, तिच्यातील विसंगती दूर करणे एवढेच त्याचे काम. वीज अचानक गेल्यामुळे धडधाकट डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या असतील, तर ते काम ते चोख करते. मात्र डिस्कचे काही भाग वाचताच येत नसतील, तर न वाचता आलेली नोंद त्याच्या लेखी चुकीची ठरते, आणि ती काढून टाकल्याचे ते त्याच आजारी डिस्कवर लिहून मोकळे होते. नावानिशी नीट लावलेले फोटोंचे फोल्डर अशा दुरुस्तीनंतर नुसत्या क्रमांकांच्या तुकड्यांत विखुरलेले मी पाहिले आहेत. ते पुन्हा जुळवताना दुरुस्तीआधीची अनुक्रमणिका हाताशी नसते, कारण तिच्यावरच नवे लिहिलेले असते.

लॅपटॉप मिनिटभर अडकतो, त्याचेही कारण समजून घ्या. एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा डिस्कवरचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही. ती हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवरून माहिती वाचणारा भाग, किंचित सरकवून पुन्हा पुन्हा वाचून पाहते. सतत चालणाऱ्या साठवण-यंत्रांसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात, पण लॅपटॉपमधल्या डिस्कला तशी मर्यादा बहुधा नसते. म्हणजे पडद्यावर काहीच हलत नसते तेव्हा आत डिस्क सर्वांत जास्त राबत असते.

डिस्कची प्रकृती तिच्या स्वतःच्या नोंदींत दिसते. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल या नोंदी दाखवतात. शेवटी लिहिलेल्या ‘ठीक’ किंवा ‘उत्तीर्ण’ या शेऱ्यावर विसंबू नका. पुष्कळ डिस्क तो शेरा मिरवतच बंद पडतात. क्रमांक ५ ही नोंद किती खराब सेक्टर बदलून राखीव सेक्टर वापरले ते सांगते. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर. फाइली वाचवू पाहणाऱ्याने आधी १९७ पाहावी, कारण त्या सेक्टरांत या क्षणी कुणाची तरी माहिती अडकलेली आहे. १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलून पाहणे हा यातला सर्वांत सुखद उपाय. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो : क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळांच्या पायावर दाखवते, त्यामुळे तिथे १० दिसले तर खराब सेक्टर सोळा आहेत असे समजा.

हे आकडे पाहण्यासाठीसुद्धा विंडोज त्याच डिस्कवरून सुरू करू नये. नुसते सुरू होतानाच विंडोज त्या डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहिते, शिवाय पाठोपाठ विषाणू-तपासणी आणि अद्ययावतीकरण चालू होते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा किंवा लॅपटॉप लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा.

प्रश्न : बिघडत्या डिस्कची प्रत काढणारे डीडीरेस्क्यू हे साधन वापरण्याचा सल्ला मला मिळाला आहे. १ टीबीच्या डिस्कची प्रत काढायची आहे. नेहमीप्रमाणे फाइली कॉपी करण्यापेक्षा हे वेगळे कसे, आणि किती वेळ लागेल?

उत्तर : नेहमीच्या कॉपीत संगणक फाइलीमागून फाइल मागतो, त्यासाठी हेड तबकडीवर सतत इकडून तिकडे धावते, आणि एका खराब जागी अडकले की पुढचे सगळे खोळंबते. ग्नू डीडीरेस्क्यू फाइलींचा विचारच करत नाही. ते डिस्क एका टोकापासून ओळीने वाचत जाते, खराब जागा लागली की तिथे हटून न बसता मोठी उडी मारून पुढे जाते, आणि सोडलेल्या जागा नोंदवून ठेवते. सहज मिळणारे सगळे हाती आल्यावर ते त्या सोडलेल्या पट्ट्यांकडे वळते, त्यांच्या कडा कापत आत शिरते आणि शेवटी उरलेला भाग सेक्टरागणिक खरवडते. डिस्क किती तास टिकणार हे कुणालाच सांगता येत नसल्यामुळे हा क्रम मोलाचा आहे.

डिस्कच्या क्षमतेपेक्षा मोठी दुसरी डिस्क लागेल. लिनक्समध्ये आजारी डिस्क माउंट होऊ देऊ नका, म्हणजे तिच्यावरच्या फाइली वापरासाठी उघड्या होऊ देऊ नका. काही फाइल-प्रणाली केवळ वाचण्यासाठी माउंट केल्या तरी अपुऱ्या राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहितात. मग दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या आणि आज्ञेतील स्रोत व गंतव्य त्या कागदाशी ताडून पाहा. ही दोन नावे उलटी पडली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि तिथून परतीची वाट नाही. मी आजही आज्ञा टंकून हात मागे घेतो, अनुक्रमांक मोठ्याने वाचतो आणि मगच एंटर दाबतो.

तिसरी वस्तू म्हणजे नकाशा-फाइल. कोणता भाग वाचला, कोणता राहिला हे डीडीरेस्क्यू तिच्यात लिहीत जाते. ती असेल तर डिस्क मध्येच गायब झाली, वीज गेली, तरी काम थांबले होते तिथूनच पुढे चालते. पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्समध्ये ही फाइल नकळत तात्पुरत्या स्मृतीत साठवली जाते आणि संगणक पुन्हा सुरू करताच नाहीशी होते. म्हणून तिला कायमच्या जागेचा पूर्ण पत्ता द्या. पहिली फेरी खरवडण्याचे काम टाळणाऱ्या पर्यायाने करा, आणि तिचे जे हाती येईल ते पाहूनच पुढचे ठरवा.

वेळेचे गणित असे. १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट. सेकंदाला १०० एमबी हा वेग टिकला, तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. वेग सेकंदाला १ एमबीवर घसरला, तर तेच काम साडेअकरा दिवसांचे होते. म्हणून पहिल्या तासातला वेग लक्ष देऊन पाहा. डिस्क कडक पृष्ठभागावर सपाट ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या आणि संगणकाचे झोपी जाणे बंद करा.

नकाशाचे चित्र पाहणे मला सर्वांत उपयोगी वाटते. खराब जागा एकाच ठिकाणी गोळा झाल्या असतील, तर तबकडीचा तेवढाच भाग दुखावलेला असण्याची शक्यता असते आणि चिकाटीला फळ येते. याउलट, डिस्कभर ठरावीक अंतराने चांगला पट्टा, खराब पट्टा, पुन्हा चांगला पट्टा असे दिसू लागले, तर अनेक हेडपैकी एक निकामी झाले आहे. दोन तबकड्यांना चार हेड असतात, तेव्हा त्यातले एक गेले की जवळपास चौथा हिस्सा मिळत नाही, आणि मोठ्या फाइलींपैकी फारच थोड्या अखंड राहतात. हे चित्र दिसताच थांबा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मेलेले हेड जिवंत होत नाही, उलट ते तबकडी ओरबाडू शकते.

प्रश्न : बाहेरची डिस्क हातातून पडली. आता जोडली की टक्, टक्, टक् असा आवाज येतो आणि ती संगणकाला दिसत नाही. ती फ्रीजरमध्ये ठेवावी, उघडून हेड हलवावे किंवा तशाच डिस्कचे सर्किट बोर्ड लावावे, असे तीन सल्ले मिळाले.

उत्तर : तिन्ही सल्ले कृपया बाजूला ठेवा आणि डिस्कला पुन्हा वीज देऊ नका. हा आवाज हेड आपली जागा शोधत असल्याचा आहे. तबकडीवर जागा दाखवणाऱ्या खुणा कोरलेल्या असतात. त्या वाचता आल्या नाहीत की हेड मागे येऊन पुन्हा झेपावते. चालू डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यात अवघ्या काही नॅनोमीटरचे अंतर असते, तर माणसाचा केस सुमारे ७०,००० नॅनोमीटर जाड असतो. पडून वाकलेले हेड मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर किती वेळ घासले, यावर पुढचे सगळे ठरते.

फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या गार धातूवर हवेतली वाफ जमते, आतही जमू शकते, आणि त्या थेंबांवरून हेड फिरवणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय. घरच्या हवेत झाकण उघडले की हेडच्या उंचीहून कितीतरी मोठे धूलिकण तबकडीवर बसतात. बोर्ड बदलण्याचा सल्ला एके काळी खरा होता. आता बहुतेक डिस्कमध्ये बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात ठरवलेली मापे असतात. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवली नाही, तर त्याच मॉडेलचे बोर्डही चालत नाही. शिवाय पडलेल्या डिस्कमध्ये बोर्डाचा दोष क्वचितच असतो.

इथे धूळविरहित जागेत जुळणाऱ्या डिस्कचे हेड बसवून प्रत काढणारी प्रयोगशाळाच हवी. डिस्क देण्यापूर्वी त्यांना दोन गोष्टी विचारा : काम मूळ डिस्कवर करणार की आधी प्रत काढून प्रतीवर, आणि डिस्क उघडण्यापूर्वी तुम्हाला विचारणार का. पहिल्याचे उत्तर गुळमुळीत आले, तर डिस्क परत घ्या. घरी तुम्ही नेमके काय काय केले तेही न लाजता सांगा. ती माहिती त्यांना खरोखर उपयोगी पडते.

प्रश्न : डिस्कची प्रत पूर्ण झाली. पण फोटोरेक या फाइली शोधून काढणाऱ्या साधनाने दिलेल्या फोटोंना नावे नाहीत आणि कित्येकांचा खालचा अर्धा भाग करडा आहे. प्रत चुकली का?

उत्तर : चुकलेली नाही, तुम्ही शेवटचे साधन आधी वापरले एवढेच. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. जेपेग फाइल ठरावीक तीन बाइटांनी सुरू होते. अशा सुरुवाती शोधत ते प्रत चाळते. नाव आणि फोल्डर अनुक्रमणिकेत असतात, म्हणून ते मिळत नाहीत. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल किंवा तिच्यात न वाचलेला सेक्टर असेल, तर चित्र तिथपासून करडे होते. आता मूळ प्रतीची आणखी एक प्रत करा आणि तिच्यावर आधी टेस्टडिस्क हे अनुक्रमणिका वाचणारे साधन चालवा. विभाजन (डिस्कच्या भागांची आखणी) आणि अनुक्रमणिका शाबूत असली, तर नावांसकट फोल्डर बाहेर काढता येतात. चेकडिस्क चालवायचेच असेल, तर तेही या दुसऱ्या प्रतीवर चालवा. तिथे ते काहीही बिघडवू शकत नाही. फोटोरेकने आणलेले मात्र टाकू नका, टेस्टडिस्कला न सापडलेल्या काही गोष्टी त्यात असतील.

प्रश्न : बाहेरच्या डिस्कचा यूएसबी खाचा तुटला, म्हणून डिस्क डबीतून काढून थेट संगणकाला जोडली. आता विंडोज ती फॉरमॅट करायला सांगते.

उत्तर : ‘रद्द करा’ दाबा. माहिती बहुधा जिथे होती तिथेच आहे. काही डब्यांमधले छोटे सर्किट ५१२ बाइटांचे सेक्टर संगणकाला ४,०९६ बाइटांचे म्हणून दाखवते. डबी काढली की जुनी विभाजन-नोंद चुकीच्या जागी बोट दाखवू लागते. काही डब्या तर सगळी माहिती कूटबद्ध करूनच लिहितात, मग पासवर्ड कधी ठेवलेला असो वा नसो. म्हणून ते छोटे सर्किट जपून ठेवा. त्याच्यावरचा खाचा नव्याने डाख देऊन बसवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

प्रश्न : एसएसडीवरून (तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवरून) चुकून पुसलेल्या फाइलींना हेच उपाय लागू पडतात का?

उत्तर : फारसे नाही. फाइल पुसली की संगणक ट्रिम या आज्ञेने एसएसडीला ती जागा मोकळी झाल्याचे कळवतो आणि एसएसडी ती आतून साफ करते. संगणक तत्काळ बंद केला तर थोडी आशा असते. विंडोजची बिटलॉकर ही कूटबद्ध करणारी सोय चालू असेल, तर तिची ४८ अंकी कळ आधी शोधून ठेवा. तिच्याविना प्रत हाती येऊनही वाचता येणार नाही.

प्रश्न : सगळ्या फाइली परत मिळाल्या. जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केल्यावर १९७ ची नोंद शून्य झाली. आता ती वापरू का?

उत्तर : वापरू नका. खराब सेक्टरावर नवे लिहिले की डिस्क त्याचा निकाल लावते, म्हणून तो आकडा शून्यावर आला. क्रमांक ५ त्याच वेळी वाढला आहे का ते पाहा. सेक्टर ज्या कारणाने गेले, ते कारण डिस्कमध्ये तसेच आहे. आणि खरे सांगायचे तर, फॉरमॅट थोडे उशिरा करायला हवे होते. फाइल यादीत दिसणे आणि ती उघडणे यांत फरक असतो. पुन्हा अशी वेळ आली, तर मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा, दस्तऐवजांची शेवटची पाने उघडा, आणि ते होईपर्यंत जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कोरड्या जागी ठेवून द्या. तुमच्या बाबतीत मूळ डिस्क आता कोरी झाली आहे. डीडीरेस्क्यूने काढलेली प्रत मात्र अजून असेल. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत ती पुसू नका.